अवजड यंत्रांची वाहतूक: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

बंदरात उतरलेले जनित्र किंवा ट्रान्सफॉर्मर रस्त्याने वीजकेंद्रापर्यंत कसे नेतात, याविषयी आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडले आहेत. ट्रकवाल्यांच्या भाषेत अशा मालाला ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे नेहमीच्या मापांपेक्षा मोठा माल) म्हणतात. उत्तरांतही तोच शब्द ठेवला आहे.

आमच्या केंद्रासाठी २२० टनांचा जनरेटर स्टेटर (जनित्राचा न फिरणारा भाग) न्हावा-शेवाला उतरणार आहे. एक वाहतूकदार १८ एक्सलचा ट्रेलर सांगतो. दुसरा १४ एक्सलमध्ये भागवतो आणि दरही कमी लावतो. कोणाचे ऐकावे? — एक अभियंता, चंद्रपूर

१४ एक्सलवाल्याला काम देऊ नका. गणित कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवा.

हायड्रॉलिक मॉड्युलर ट्रेलरच्या एका एक्सल-ओळीत आठ टायर असतात आणि त्या ओळीवर जास्तीत जास्त १८ टन भार धरतात. यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही आले, ते ओळीमागे साधारण ४ टन असते. म्हणजे मालासाठी उरतात १४ टन. तुमचा स्टेटर २२० टन. खालचे बीम, लाकडी स्लीपर आणि साखळ्या मिळून १० टन धरा. १४ ओळींवर एकूण २८६ टन, म्हणजे ओळीमागे २०.४ टन. १६ ओळींवर १८.४ टन, तेही मर्यादेबाहेर. १७ वर १७.५ टन, १८ वर १६.८ टन. कागदावर १७ पुरतात, प्रत्यक्षात १८ च घ्यावेत. यंत्राच्या रेखाचित्रावर छापलेले वजन पुष्कळदा नुसत्या यंत्राचे असते. उचलायचे ट्रनियन (दोर अडकवायचे खुंट), वाहतुकीची झाकणे आणि पॅकिंग त्यात धरलेले नसते. निर्मात्याकडून ‘वाहतुकीचे वजन’ आणि गुरुत्वमध्य दाखवणारे रेखाचित्र लेखी मागवा. स्टेटरचा गुरुत्वमध्य लांबीच्या बरोबर मध्यावर असेल असे गृहीत धरू नका.

धक्क्यावर स्टेटर ट्रेलरवर टेकवताना क्रेनने सगळे वजन एकदम सोडायचे नसते. आधी चौथाई, मग निम्मे, मग पाऊण. प्रत्येक टप्प्यावर ट्रेलरच्या दाबमापकांवर नजर हवी. ट्रेलरचे हायड्रॉलिक सिलिंडर तीन किंवा चार गटांत जोडलेले असतात. एका गटातल्या सगळ्या सिलिंडरांत दाब सारखाच असतो, त्यामुळे खड्ड्यातही प्रत्येक चाक आपला वाटा उचलते. चार गटांच्या जोडणीत डावीकडे १६० बार आणि उजवीकडे १९० बार दिसत असेल, तर माल उजवीकडे सरकलेला आहे. डाव्या-उजव्या चाकजोड्यांच्या मध्यांत १.८ मीटर अंतर असेल, तर हे सरकणे साधारण ८ सेंटिमीटरचे भरते. हुक सुटण्याआधीच पुन्हा उचलून ते काढा. बंदराबाहेर पडल्यावर ही दुरुस्ती करायची तर दुसरी क्रेन आणावी लागते, आणि २२० टनांची क्रेन रस्त्यात मिळत नाही.

धक्क्याची भारक्षमताही बंदराकडून लेखी घ्या. ३ मीटर रुंद ट्रेलरची एक ओळ दीड मीटर लांबी व्यापते, म्हणजे जमिनीवर चौरस मीटरला ४ टन येतात.

आमच्या गावाजवळच्या नदीवर चांगला पूल आहे. रोज भरलेले ट्रक जातात. तरी ओडीसीच्या एका ट्रेलरसाठी नदीपात्रात मुरूम टाकून वेगळा रस्ता केला. हा खर्च कशासाठी? — एक शेतकरी, धुळे जिल्हा

शंका रास्त आहे, कारण एकेका टायरचा विचार केला तर ओडीसीचा ट्रेलर साध्या ट्रकपेक्षा हलका असतो. वरच्या उदाहरणात टायरमागे २.१ टन येतात. साध्या ट्रकच्या चार टायरांच्या एक्सलवर ११.५ टनांची परवानगी आहे, म्हणजे टायरमागे जवळजवळ २.९ टन. म्हणून डांबराला ओडीसीचा त्रास कमी होतो.

पुलाचा हिशेब मात्र निराळा. पूल टायर मोजत नाही, दोन खांबांच्या मधल्या गाळ्यावर एका वेळी किती वजन उभे आहे ते त्याला कळते. २० मीटरचा गाळा धरा. सर्वात जड साधा ट्रेलर ५५ टनांचा. त्याच गाळ्यावर वरच्या उदाहरणातल्या ट्रेलरच्या १३ ओळी मावतात, म्हणजे २१८ टन. चौपट.

जुने पूल ज्या ‘७० आर’ भारासाठी बांधलेले असतात, त्यातला चाकांच्या वाहनाचा भार १०० टनांचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ६’ या संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत खास वाहनाचा भार दिला आहे: १८ टनांचे २० एक्सल आणि पुढे एक ओढणारा ट्रक, मिळून ३८५ टन. त्याला अटी आहेत. वेग ताशी ५ किलोमीटरपर्यंत, वाहन पुलाच्या मध्यरेषेवर (फार तर ३०० मिलिमीटर इकडे-तिकडे), आणि पुलावर दुसरे एकही वाहन नाही. या अटी पाळल्या जाणार म्हणूनच हिशेबात धक्क्याचा आणि ब्रेकचा जोर धरलेला नाही. चालकाने पुलावर गिअर बदलला, ब्रेक दाबला किंवा फोटो काढणाऱ्या मोटारसायकली सोबत चढल्या, तर तो हिशेब तिथेच मोडतो. हिशेब एकाच ओढणाऱ्या ट्रकचा आहे, म्हणून दोन पुलर (ओढणारे ट्रक) असतील तर एक सोडून आधी पलीकडे पाठवावा. वाहतूक थांबवल्याचा राग पोलिसांवर काढू नये. त्या दहा मिनिटांवर पूल अवलंबून असतो.

जुना, दगडी कमानीचा किंवा बेअरिंग (गाळा ज्यावर टेकतो ते आधार) झिजलेला पूल या हिशेबात बसत नाही. मग पात्रातून वळण काढतात. खाली पाण्यासाठी सिमेंटचे ह्यूम पाइप, वर मुरूम २०–२५ सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबलेला. सगळा मुरूम एकदम टाकून वरून रोलर फिरवला की वरचे कवच घट्ट होते आणि खालचे पोकळ राहते. ट्रेलर मधोमध बसतो तो अशाच ठिकाणी. पाइपांवर भराव कमी पडला तर पाइप फुटतात. हे काम पावसाळा संपून पाणी ओसरल्यावर, मेअखेरपर्यंतच करता येते.

आणि शेतकरी म्हणून तुम्ही एक गोष्ट लावून धरा. ट्रेलर गेल्यावर हा भराव काढून पात्र मोकळे करून देणे ठेकेदाराचे काम आहे. राहिला तर पहिल्या पुराचे पाणी काठच्या शेतात शिरते. परवानगीच्या कागदात ती अट आहे का, हे ग्रामपंचायतीमार्फत आधीच पाहा.

कसारा घाटात ट्रेलरला पुढे दोन आणि मागे एक असे ट्रक जोडलेले दिसले. पाऊस आला आणि सगळे थांबले. एवढी ताकद असून भिजल्याने काय फरक पडतो? — एक विद्यार्थी, इगतपुरी

इंजिनात ताकद असते, पण ती रस्त्यापर्यंत पोचते टायरच्या पकडीतून. पहिल्या उत्तरातला १८ ओळींचा, मालासकट ३०२ टनांचा ट्रेलर आणि ३६ टनांचे दोन पुलर, एकूण ३७४ टन. वीसास एक असा चढ धरला तर चढासाठी ५ टक्के आणि चाकांच्या घर्षणासाठी २ टक्के, म्हणजे २६ टनांची ओढ लागते. प्रत्येक पुलरच्या चालत्या (इंजिन फिरवते त्या) चाकांवर ३० टन असतील आणि कोरड्या डांबरावर पकड ०.६ असेल, तर दोघे मिळून ३६ टन ओढतात. ओल्या रस्त्यावर पकड ०.४ धरा: २४ टन. चाके जागेवर फिरू लागतात. पुलरच्या हौद्यात काँक्रीटचे ठोकळे किंवा लोखंड भरलेले असते ते चालत्या चाकांवर वजन यावे म्हणूनच. तिसरा पुलर जोडला तर एकूण वजन ४१० टन, ओढ २९ टनांच्या आत आणि ओली पकड ३६ टन. म्हणजे मागचा पुलर चढावर ढकलतो आणि उतारावर रोखून धरतो. तरीही पावसात थांबणेच शहाणपणाचे, कारण ०.४ ही पकड धुतलेल्या रस्त्याची आहे. पहिल्या सरीत धूळ आणि सांडलेले तेल मिसळते तेव्हा ती त्याहून कमी होते.

मागचा पुलर दोराने नव्हे, लोखंडी दांड्याने जोडलेला हवा. दोर ढकलू शकत नाही. उतारावर खालचा गिअर माथ्यावर पोचण्याआधीच टाकायचा. चाकांसोबत लाकडी ठोकळे घेऊन चालणारी माणसे ट्रेलरच्या बाजूने, थोडी मागे राहून चालावीत. दोन वाहनांच्या मधल्या जागेत कधीही नाही.

महामार्गावरच्या पुलाखाली ५.५ मीटर जागा असल्याची पाटी आहे. आमचा माल ट्रेलरसकट ५.४ मीटर आहे. जाईल ना? — एक वाचक, नागपूर

पाटीवर विसंबू नका. रस्त्यावर डांबराचे नवे थर चढत जातात, पाटी तीच राहते. प्रत्येक ठिकाणी काठी लावून मोजा, आणि फक्त मध्यभागी नको; रस्ता कडेला उतरता असतो, एका बाजूला वर आलेला असतो. ट्रेलर ज्या पट्ट्यातून जाणार तिथेच मोजा. हायड्रॉलिकने ट्रेलर मधल्या पातळीपासून साधारण ३० सेंटिमीटर खाली बसवता येतो, तेवढी सूट हाताशी आहे. त्यानेही भागत नसेल तर माल दोन ट्रेलरांच्या मध्ये गर्डर फ्रेममध्ये (लोखंडी तुळयांच्या चौकटीत) टांगतात, म्हणजे ट्रेलरच्या मजल्याची उंची वाचते.

विजेच्या तारांचेही तसेच. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची ६.१ मीटर उंच असावी असा नियम आहे. पण डिसेंबरच्या सकाळी मोजलेली तार मेच्या दुपारी आणखी खाली लोंबते. जाणाऱ्या दिवसाच्या तापमानाचा विचार करून मोजा. बांबूने तार उचलून गाडी काढण्याचा प्रकार अजून चालतो. तो जीव घेतो. ओला किंवा हिरवा बांबू वीज वाहतो. पुरवठा बंद करून, तार जमिनीला जोडून, महावितरणच्या माणसांच्या हातूनच तार हलवावी. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकावर उंचीची कमान साधारण पावणेपाच मीटरची असते. त्याहून उंच मालाला रेल्वेची परवानगी आणि वीजबंदीची वेळ लागते, ती ट्रेलर फाटकाशी येऊन मागण्याची गोष्ट नव्हे.

उंची किती छळते याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी इथून निघालेला ऑटोक्लेव्ह (दाब आणि उष्णता देणारी मोठी बंद टाकी) फक्त ७० टनांचा, पण साडेसात मीटर उंच होता. जुलै २०१९ मध्ये निघाला आणि जुलै २०२० मध्ये पोचला. त्यात टाळेबंदीचा काळही आला. यंत्राची मापे ठरवतानाच वाट मोजून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठी. झाकण किंवा थंडावा देणारा भाग सुटा पाठवला तर ४० सेंटिमीटर वाचतात. बंदरात उतरल्यावर ते वाचवता येत नाहीत.

ट्रान्सफॉर्मरसोबत गॅसचे सिलिंडर का ठेवतात? — एक वाचक, परळी

मोठा ट्रान्सफॉर्मर तेल काढून, कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून नेतात. आत दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त, साधारण ०.१५ ते ०.३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर ठेवतात, म्हणजे फटीतून गळती झाली तरी आतले बाहेर जाते, बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. दाब घसरला की सिलिंडरमधून भरतात. रोज सकाळी एकाच वेळी दाब आणि तापमान दोन्ही लिहा. उन्हाने दाब वाढतो, त्यामुळे नुसता दाब पाहिला तर दुपारी गळती लपते. बंदरात ताबा घेतानाची नोंद सर्वात महत्त्वाची. तिथे दाब शून्य असेल तर पुढे कागदी इन्सुलेशन ओले निघाल्यावर दोष कोणाचा हे ठरवता येत नाही. धक्कामापकही त्याच क्षणी वाचून घ्या. ३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट) च्या वरची नोंद असेल तर तेल भरण्याआधी आतून तपासणी करून घ्या, आणि पाठवण्यापूर्वीच्या एसएफआरए चाचणीशी (आतली वेटोळी जागची हलली का, हे दाखवणारी विद्युत चाचणी) नवी चाचणी ताडून पाहा.

साखळ्या किती लावाव्यात? — एक सुपरवायझर, उरण

आडव्या दिशेने वजनाच्या निम्मा जोर धरा: २२० टनांसाठी ११० टन. लाकडावर घर्षण ०.३ धरले तर ६६ टन तेच रोखते, उरतात ४४. तेरा मिलिमीटरच्या ग्रेड ८० साखळीची बांधणीची क्षमता १० टन, पण ४५ अंशांत लावली की आडवी ७ टनच मिळते. म्हणून प्रत्येक बाजूला किमान सात. पुढच्या दिशेचा जोर ०.८ पट असतो, तो नुसत्या साखळ्यांवर सोडू नका, मालापुढे ट्रेलरवर स्टॉपर वेल्ड करा. तेलकट लोखंडावर लोखंड कधी ठेवू नये, तिथे घर्षण ०.१ वर येते आणि साखळ्यांची संख्या दुपटीने वाढते. पहिल्या १०–१५ किलोमीटरनंतर थांबून सगळे टर्नबकल (साखळी ताणणारे स्क्रू) पुन्हा आवळा, कारण तोवर लाकूड दबलेले असते.