‘परत आली का?’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांची, पाचपावलीत राहते. मला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. बर्डीवर कापडाच्या दुकानात काम करते. एप्रिलमध्ये रात्री कंबर आणि पाय इतके दुखले, की भावाने गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. तिथे सिस्टर म्हणाल्या, “परत आली का? मोबाइल पाहून राहिली, मग दुखते कुठे?” मी इंजेक्शनचं नाव सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, हिला सवय लागली. तीन तास बाकावर बसून होते. आता दुखलं तरी जायची हिंमत होत नाही. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बाळा, दवाखान्यात जाणं सोडू नको. बाकीचं सगळं त्यानंतर.

मलाही एसएसच आहे, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला सिकलसेल; वय 47. आपल्या दुखण्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात. बाहेरून सूज नाही, जखम नाही, एक्स-रेही बरेचदा साफ येतो. म्हणजे कॅज्युअल्टीत सगळी भिस्त तुझ्या सांगण्यावर, आणि नेमकं तेव्हाच तुला बोलवत नाही. म्हणून बोलायचं काम बऱ्या दिवशी करून ठेवायचं.

हे मी उशिरा शिकले. 2009 च्या मे महिन्यात मला असंच भरती केलं. हिमोग्लोबिन 7.6 निघालं आणि ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरांनी लगेच रक्ताची बाटली मागवली. आई सांगत होती, “साहेब, हिचं नेहमीच एवढं राहते.” कोणी ऐकलं नाही. मला सलाइन आणि दुखणं थांबवणारं औषध पाहिजे होतं, रक्त नव्हे. गरज नसताना रक्त घेत राहिलं तर अंगात लोह साठतं आणि पुढे रक्त जुळवणं अवघड होतं. रक्ताची खरंच गरज पडते तेव्हा घ्यावंच लागतं, पण ते ठरवायला आपला नेहमीचा आकडा समोरच्याला माहीत पाहिजे.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक पान असतं. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट लिहून दिलेलं : एसएस पॅटर्न, बरी असताना हिमोग्लोबिन किती, हायड्रॉक्सियुरिया (दुखणं कमी वेळा उठावं म्हणून घ्यायचं औषध) किती चालू, दुखणं उठलं की कोणतं औषध किती मात्रेत लागू पडतं, कशाची अ‍ॅलर्जी. तूही असं पान मागून घे. इंजेक्शनचं नाव तू घेतलं तर संशय येतो, तेच डॉक्टरांच्या अक्षरात असलं तर येत नाही. हे चुकीचं आहे, मला आजही त्याचा राग येतो, पण त्या रात्री तुला आराम पडणं जास्त महत्त्वाचं. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजीने 2020 मध्ये सांगितलंय, की अशा दुखण्यात दवाखान्यात पोहोचल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळायला हवं. तीही ओळ पानावर लिहून घे.

मोबाइलचं म्हणशील, तर लपवू नको. “दहापैकी आठ दुखतंय, लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून पाहते,” एवढं सांग. लहानपणापासून दुखणं सोसणाऱ्याचा चेहरा शांत राहतो, हे नव्या सिस्टरला कोणी शिकवलेलं नसतं. भावालाही ते पान पाठ करायला लाव. तू कण्हत असताना बोलणार तोच आहे.

ताप 101 च्या वर, छातीत दुखणं, दम लागणं, किंवा एका बाजूचा हात लुळा पडणं, यातलं काहीही असलं तर पहिलं वाक्य तेच : “हे नेहमीचं दुखणं नाही.” आपली पाणथरी (स्प्लीन, जंतूंशी लढणारा अवयव) बहुधा निकामी झालेली असते, संसर्ग झपाट्याने पसरतो. अशा वेळी बाकावर थांबायचं नाही. वरच्या डॉक्टरांना बोलवा म्हणायचं.

एप्रिलच्या त्या रात्रीचे कागद मिळाले नसतील तर लेखी अर्ज करून माग. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ते 72 तासांत द्यावे लागतात. तीन तास वाया गेले त्याची तक्रार करायची असेल, तर याच कागदांवर वेळ लिहिलेली सापडेल.

दुकानाचं थोडक्यात. मालकाला सांग, की बाटलीभर पाणी हाताशी ठेवणार आणि कूलरच्या झोतात उभी राहणार नाही. उन्हात पाणी कमी पडलं किंवा अंगावर एकदम गार वारा आला, की आपलं दुखणं उठतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करून ठेव.

पान तयार झालं की त्याच्या तीन झेरॉक्स काढ : एक पर्समध्ये, एक भावाच्या गाडीच्या डिकीत, एक घरी देवाच्या फोटोमागे. माझी तिथेच असते.