मज्जारज्जूला डी-४ (छातीच्या चौथ्या मणक्याच्या) पातळीची इजा, ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले, सर्जन म्हणतात ‘वाट बघा’. भावाला आता कोणाला दाखवावं?

फिजिअ‍ॅट्रिस्टला, म्हणजे पुनर्वसनाच्या डॉक्टरांना. फिजिओथेरपिस्ट वेगळे, गल्लत करू नका. सर्जनने मणका स्थिर केला. लघवी, शौच, कातडी, स्नायूंचा ताठरपणा हे सगळं अजून कोणाच्याच ताब्यात नाही. त्यासाठी थांबून राहण्यात काहीच हशील नाही.

‘चालेल का?’ हे सगळेच विचारतात. त्याआधी ‘एशिया ग्रेड काय?’ हे विचारा. मज्जारज्जूची इजा किती गंभीर, याची ए ते ई अशी ही श्रेणी असते. ती ठरवताना गुदद्वाराजवळची संवेदना आणि तिथलं आकुंचन बोटाने तपासावंच लागतं, कारण इजा पूर्ण की अपूर्ण हे तिथेच कळतं. संकोचापोटी ही तपासणी राहून जाते. व्हिडिओ कॉलवर ती होत नाही, म्हणून पहिली भेट समक्षच घ्या.

सोबत डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, एमआरआयच्या फिल्म (नुसता रिपोर्ट नको) आणि गोळ्यांची यादी न्या. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी) चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका.

कायमची नळी असेल तर ती काढून दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढणं जमेल का, ते विचारा. ते सुरू झालं की ३ दिवसांची वही ठेवा : वेळ, किती प्यायला, किती लघवी निघाली. एका वेळी ५०० मिलीच्या वर जात असेल तर मधलं अंतर कमी करायला हवं. मूत्राशय ताणलेलं त्याला जाणवत नाही, आणि दाब मूत्रपिंडाकडे उलटला तरी दुखत नाही. म्हणून युरोडायनॅमिक चाचणी (मूत्राशयातला दाब मोजणारी) आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी कधी करायची, हे त्याच भेटीत ठरवून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. डी-६ किंवा त्यावरच्या इजेत रक्तदाब अचानक उसळू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. अशा रुग्णाचा वरचा आकडा एरवी ९०-११० असतो. त्यामुळे १४० दिसल्यावर ‘थोडाच वाढलाय’ म्हणून परत पाठवलं जातं. नेहमीच्या आकड्यापेक्षा २०-४० ने वाढ म्हणजे धोका. ताबडतोब बसतं करा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का ते बघा. पोट दाबू नका. उतरला नाही तर थेट इमर्जन्सीत. नेहमीचा रक्तदाब आणि इजेची पातळी एका कार्डावर लिहून त्याच्या खिशात ठेवा.

खुर्चीत दर १५-३० मिनिटांनी, दोनेक मिनिटं बुडावरचा भार काढायचा. ढुंगण आणि टाचा रोज आरशात बघायच्या. दाबून पांढरा न होणारा लाल डाग म्हणजे जखमेची सुरुवात, तो जाईपर्यंत त्या जागेवर भार नको.

आणि पुढे कधीही, वर्षांनीसुद्धा, बधिरपणा आधीच्या रेषेच्या वर सरकला किंवा हाताची पकड ढिली झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता एमआरआय. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी वाढते तेव्हा असं होतं.