व्हॅन, व्हान आणि आपला ‘कर’

प्रश्न असा आला आहे: “डच फुटबॉलपटू रूड व्हॅन निस्टलरॉयच्या कारकिर्दीवर लेख लिहितो आहे. सुरुवातीला पूर्ण नाव दिलं आहे. पुढे दरवेळी ‘व्हॅन’ लिहायचं की नुसतं ‘निस्टलरॉय’ पुरे? आणि ‘व्हॅन’ हे त्याच्या वडिलांचं नाव आहे का?”

नुसतं ‘निस्टलरॉय’ पुरत नाही. वडिलांचा तर इथे काही संबंधच नाही. नाव आणि आडनाव यांच्या मधे वडिलांना बसवायची रीत आपली, डचांची नाही. या खेळाडूचं कागदोपत्री नाव रुटगेरस योहानेस मार्टिनस. ही तिन्ही त्याची स्वतःची नावं. त्यापुढे येतं ते आडनाव, ‘व्हान निस्टलरोय’. लिहिताना दोन शब्द दिसतात, पण आडनाव एकच. त्यातला पहिला शब्द उडवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सचिनला आपण ‘तेंडुल’ म्हणत नाही आणि लताबाईंना ‘मंगेश’ म्हणत नाही. मग गेली वीस-पंचवीस वर्षं मराठीत ‘निस्टलरॉयचा गोल’, आणि मार्को व्हान बास्टेन, रॉबिन व्हान पर्सी या डच फुटबॉलपटूंच्या बाबतीत ‘बास्टेनची व्हॉली’, ‘पर्सीचा हेडर’ हे का ऐकावं लागतं?

यात थोडा दोष त्या शर्टाचाही आहे. मँचेस्टर युनायटेडचा लाल शर्ट, पाठीवर १० आकडा, त्यावर आधी एक छोटा ‘व्ही’, पुढे टिंब आणि मग मोठ्या अक्षरांत ‘निस्टलरोय’. माझ्या भाच्याने तो शर्ट विरेपर्यंत वापरला, आणि आमच्या बिल्डिंगीतली सगळी मुलं त्याच्या पाठीवरून ‘व्ही. निस्टलरॉय’ असं वाचायची. व्ही. शांताराम वाचावं, तसं. तो छोटा ‘व्ही’ हे एखाद्या नावाचं आद्याक्षर नाही, तो ‘व्हान’चा संक्षेप आहे. डच भाषेत पहिलं नाव आधी असेल तर ‘व्हान’ लहान अक्षराने सुरू होतो आणि आडनाव एकटंच लिहिलं तर मोठ्या. नेमका हा भेद देवनागरीत दाखवता येत नाही, म्हणून आपण जास्त जपून लिहायला हवं.

उच्चाराचं थोडक्यात सांगतो. ‘व्हान’मधला स्वर ‘ॲ’ नाही, ‘आ’कडे झुकणारा आहे. सुरुवातीचा व्यंजनध्वनी ‘व’ आणि ‘फ’ यांच्या मधला, ‘रूड’नंतर तर जवळजवळ ‘फान’च, कारण ‘रूड’चा शेवट तिकडे ‘त’सारखा होतो. शाळेच्या व्हॅनशी त्याचं काही नातं नाही. ती व्हॅन म्हणजे ‘कॅराव्हॅन’चं शेपूट, आणि ‘कॅराव्हॅन’ हा मुळात फारसी ‘कारवान’. फारसी तांड्याचा तुकडा इंग्रजीमार्गे आपल्या रस्त्यावर आला आणि आपण तो एका डच माणसाच्या नावात कोंबला. मी ‘व्हान’ लिहितो. ‘फान’ लिहिलंत तरी माझी तक्रार नाही.

आता अर्थ. ‘व्हान’ म्हणजे ‘हून’ आणि ‘व्हान’ म्हणजेच ‘चा, ची, चे’. ‘हेट बुक व्हान यान’ म्हणजे यानचं पुस्तक. ‘व्हान ओस’ म्हणजे ओस या शहराहून. एकच शब्द दोन्ही कामं करतो. आणि ‘व्हान’ असलं की माणूस सरदार घराण्यातला, असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते साफ चूक आहे. ती छटा जर्मन ‘फॉन’ची. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, पण डच ‘व्हान’ गवंड्यालाही लागतो आणि गोलरक्षकालाही. त्यात खानदान नाही, फक्त गाव आहे.

निस्टलरोडे हे नेदरलँड्सच्या दक्षिणेकडल्या नोर्ड-ब्राबांट प्रांतातलं एक गाव. ‘रोडे’ आणि ‘रोय’ ही एकाच शब्दाची रूपं, अर्थ झाडी तोडून मोकळी केलेली जमीन. त्या भागात या शेपटाची गावं बरीच. १ जुलै १९७६ रोजी रूड जन्मला तो मात्र निस्टलरोड्यात नाही, जवळच्याच ओसमध्ये. हेच तर महत्त्वाचं आहे! गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव कशाला हवं? तिथे सगळेच त्या गावचे. पूर्वज गाव सोडून शेजारच्या गावी गेला तेव्हा तिथल्यांनी विचारलं, हा कुठला? तर निस्टलरोड्याचा. आडनाव चिकटतं ते वेस ओलांडल्यावर. आपलंही तसंच आहे. साताऱ्यात ‘सातारकर’ आडनावाची पाटी शोधत बसू नका, ती पुण्यात आणि मुंबईत सापडेल.

म्हणजे ‘व्हान निस्टलरोय’ हा सरळसरळ ‘निस्टलरोडकर’ आहे.

इथे मला थांबवत नाही, कारण खरा प्रश्न आता सुरू होतो: आपला ‘कर’ कुठला? बहुतेक ठिकाणी उत्तर छापलेलं असतं की ‘कर’ म्हणजे करणारा, संस्कृत ‘कृ’ धातूवरून. मला हे अजिबात पटत नाही. विणकर विणतो, ठीक. दिनकर दिवस करतो, तेही ठीक. पेणकर पेणेत काय करतो? आणि पेण सोडून तीन पिढ्या झालेला पेणकर पेणेचं काय करतो? दुसरा पक्ष म्हणतो, ‘कर’ म्हणजे सारा, गावाचा सारा गोळा करणारा तो अमुककर. मग गोळा करणारे इतके आणि सारा भरणारं एकही घराणं आडनावात उरलं नाही? नुसत्या ध्वनिसाम्यावर रचलेली ही व्युत्पत्ती आहे आणि ती पुस्तकातून पुस्तकात उतरत राहते, याचा मला मनापासून राग येतो.

माझं मत वेगळं आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात तो सांगतो, ‘याचा, त्याचा’ या अर्थी ‘केर’ प्रत्यय लागतो, जसं ‘तुम्हकेरो’, ‘अम्हकेरो’. म्हणजे तुमचा, आमचा. त्याच ठिकाणी, अगदी शेजारी, तो आणखी एक रूप देतो: ‘अम्हेच्चय’. हे मोठ्याने म्हणून बघा. अम्हेच्चय, आमचा! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो होतो. आठशे वर्षांपूर्वीच्या गुजरातेतल्या एका जैन आचार्याच्या पानावर आपला ‘आमचा’ जवळजवळ बोलत होता.

तर हे दोघे शेजारी, ‘केर’ आणि ‘च्चय’. ‘केर’ पूर्वेकडे चालला: अवधीत ‘केर’ म्हणून राहिला, बंगालीत ‘एर’ झाला. रोमानी लोक भारतातून निघाले ते युरोपभर पसरले, त्यांच्या भाषेत आजही षष्ठीला ‘केरो’, ‘कोरो’ आहे. मराठीने मात्र षष्ठीच्या कामावर ‘चा’ नेमला. मग ‘केर’ गेला कुठे? तो आडनावात गेला, असं माझं म्हणणं. ‘पुणेकर’ म्हणजे पुण्याचा. काही ‘करणारा’ नाही, पुण्याचा, बस्स. गोव्यात कोकणीत ‘गोंयकार’ म्हणतात, म्हणजे गोव्याचा. त्याचाही कर्तृत्वाशी संबंध नाही.

आक्षेप मला ठाऊक आहे: ‘के’चा ‘क’ कसा झाला? अहो, नावाच्या शेवटी लागलेला शब्द झिजतोच. संगमनेर, पारनेर, अमळनेर यांतल्या ‘नेर’मध्ये ‘नगर’ बघायला तुमची हरकत नसते. ‘नगर’चा ‘नेर’ चालतो आणि ‘केर’चा ‘कर’ अडतो, हा कुठला न्याय? दुसरा आक्षेप असा की षष्ठी असती तर सामान्यरूप झालं असतं, ‘पुण्याकर’ म्हणालो असतो. पण ‘अम्हकेरो’तही प्रत्यय मूळ अंगालाच लागला आहे. ‘केर’ची ती सवयच होती.

आणि ‘व्हान’ला माझ्या बाजूचा साक्षीदार मी यासाठीच मानतो. डचांनी आडनावासाठी ‘करणारा’ असा शब्द शोधला नाही, रोजच्या वापरातली षष्ठीच उचलली. गावाचं नाव माणसाला जोडताना माणूस तेच करतो. एक फरक मात्र आहे, आणि तो आपल्या बाजूने गोड आहे. ॲम्स्टरडॅममध्ये आज राहणाऱ्याला डच लोक ‘व्हान ॲम्स्टरडॅम’ म्हणत नाहीत, ‘ॲम्स्टरडॅमर’ म्हणतात. सोडून गेलेल्याला एक शब्द, राहिलेल्याला दुसरा. आपल्या ‘कर’मध्ये दोघेही मावतात. मुंबईत आडनाव लावून बसलेला नाशिककर आणि नाशकातच बसलेला नाशिककर!

रूडच्या बाबतीत तर हे आडनाव किती फिरलं बघा. डेन बॉस क्लबात सुरुवात, तिथे आधी मधल्या फळीत खेळायचा, मग पुढे आला. हिरनवेनला एक हंगाम. आइंडहोवनच्या पीएसव्हीकडून लीगच्या ६७ सामन्यांत ६२ गोल. २००० साली मँचेस्टरला जाणं ठरलं आणि गुडघ्याच्या तपासणीवरून अडलं, पाठोपाठ सरावात त्याच गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. दुसरा कोणी संपला असता. हा वर्षभराने १ कोटी ९० लाख पौंडांना तिथेच गेला आणि पाच हंगामांत २१९ सामन्यांत १५० गोल करून बसला, आणि तेही जवळजवळ सगळे पेनल्टी क्षेत्राच्या आतून. २००२-०३च्या प्रीमियर लीगमध्ये २५ गोल, तिथला सर्वाधिक. मग रेआल माद्रिद, तिथेही पहिल्याच हंगामात २५ गोल करून स्पॅनिश लीगमध्ये पहिला. पुढे हॅम्बुर्ग, मालागा. राष्ट्रीय संघाकडून ७० सामने, ३५ गोल. चार देशांच्या मैदानांवर लाखो लोकांनी एका छोट्या ब्राबांटी गावाचं नाव ओरडून घेतलं. मराठीत ते घेताना निदान अर्धं तोडू नये, एवढीच माझी मागणी आहे.

लेखाच्या शेवटी सूची देणार असाल तर तिथे मात्र ‘न’खाली घाला आणि ‘निस्टलरोय, रूड व्हान’ असं लिहा. डच सूचीत असंच असतं, ‘व्हान’ मागे जातो, नाहीतर अर्धा देश एकाच अक्षराखाली गोळा होईल. बेल्जियममध्ये याच्या उलट रीत आहे. तिथे आडनावाचं पहिलं अक्षर बहुतेकदा मोठंच आणि सूचीतही तेच धरतात, म्हणून बेल्जियन फुटबॉलपटू केविन डी ब्रॉयना ‘ड’खाली जाईल. मजकुरात मात्र दोघांचंही आडनाव दरवेळी पूर्ण लिहा.