डॅलसहून दिसणारी आई, सांगलीतून दिसणारी आई

पत्र पहिलं

मी सांगलीला असते, वय ५४. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. ती ८१ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. धाकटा भाऊ डॅलसला असतो. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल होतो आणि दर रविवारी आमचं वाजतं. तो म्हणतो, "ताई, आईची क्वालिटी ऑफ लाइफ महत्त्वाची. तिला आनंदात ठेवायचं. पुण्यात चांगली सीनियर लिव्हिंग झालीत, पैसे मी देतो." मी सांगते, "अरे, रात्रीची बाई काल आली नाही, कमोड बुटका पडतो, तिला उठवताना माझी कंबर गेली." तर म्हणतो, "तू डिटेल्समध्ये फार अडकतेस." त्याला आईची काळजीच नाही का? की मीच चिडकी झालेय?
— एक लेक, सांगली

ताई, काळजी त्याला आहे. आणि चिडक्या झाला असाल तर रात्री तीनदा उठणारं माणूस चिडणारच, त्यासाठी मला पत्र लिहायची गरज नाही. तुमच्या भांडणाचं मूळ दुसरीकडे आहे.

न्यूयॉर्क विद्यापीठातले याकोव्ह ट्रोप आणि तेल अवीव विद्यापीठातल्या नीरा लिबरमन यांनी 'मानसिक अंतर' या विषयावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गोष्ट आपल्यापासून लांब असली की तिचा हेतू दिसतो, जवळ आली की तिची उस्तवार दिसते. लांब असेपर्यंत 'कशासाठी', जवळ आली की 'कसं'. हे अंतर नुसतं मैलांचं नसतं. सहा महिन्यांनी येणारी गोष्ट लांब, परक्या माणसावर बेतलेली गोष्ट लांब, आणि घडेलच याची खात्री नसलेली गोष्टसुद्धा लांबच.

त्यांच्यासोबत काम करणाऱ्या केंटारो फुजिता यांचा २००६ सालचा एक प्रयोग मी वर्गात हमखास सांगायचे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मुलांना एक चित्रफीत दाखवली. काहींना सांगितलं, ही इथलीच, मॅनहॅटनमधली. बाकीच्यांना सांगितलं, ही आपल्या विद्यापीठाच्या इटलीतल्या केंद्रातली, फ्लॉरेन्सची. चित्रफीत एकच. मग जे पाहिलं ते लिहायला लावलं. फ्लॉरेन्सचं समजून पाहणाऱ्यांची भाषा जास्त मोघम निघाली. तुमचा भाऊ तर खरोखरच अर्ध्या जगाच्या पलीकडे बसलाय. त्याच्या तोंडी 'आनंद' आणि 'क्वालिटी' येणार, तुमच्या तोंडी कमोड. दोघंही खरंच बोलताय.

हे नुसतं कुरकुरीवर थांबलं तर चालतं, पण थांबत नाही. १९९१ साली अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकाच्या नियतकालिकात काही डॉक्टरांनी एक लेख लिहिला. त्यात त्यांनी या दुखण्याला नावच देऊन टाकलं : 'कॅलिफोर्नियाची लेक'. म्हातारं माणूस अत्यवस्थ असतं, जवळ राहून करणारी मुलं डॉक्टरांशी बोलून काही ठरवत आणतात, आणि तेवढ्यात लांबची लेक विमानातून उतरते नि सगळं उलटंपालटं करते. हे का नाही केलं, ते का नाही केलं, सगळे उपाय करा. (कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे हीच लेक न्यूयॉर्कची असते असं सांगतात. बरोबरच आहे.) आपल्याकडच्या आयसीयूबाहेरच्या बाकांवर हा प्रवेश रोज कुठे ना कुठे चालू असतो.

तेव्हा पहिलं काम : भावाला मत विचारणं बंद करा, काम द्या. आणि मोठं नको, किचकट द्या. बाई पाठवणाऱ्या ब्यूरोशी बोलायचं काम त्याचं. आपल्याकडे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात त्याच्याकडे आदल्या रात्रीचे साडेदहा, फोन करायला काही हरकत नाही. 'पाठवतो हं सर, निघालीच आहे' हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं. मेडिक्लेमचे कागद स्कॅन करून पाठवा, क्लेम तो भरेल, त्रुटींचे ईमेल त्यालाच येऊ देत. त्याला पैसे देणं सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच पैशाने तो जवळ येत नाही. पुढच्या वेळी तो येईल तेव्हा तुम्ही आठवडाभर गावाला जा. घरात थांबून 'मी आहे ना' म्हणत बसलात तर आठवडा फुकट.

आता तुमची बाजू. त्याचं लांबून पाहणं तुम्हाला टोचतं, पण लांबून जे दिसतं ते तुमच्या जागेवरून दिसेनासं होतं, हेही खरं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात भाऊ काय म्हणतो ते आहे, तुम्ही काय म्हणता ते आहे. आई काय म्हणते, त्याची एकही ओळ नाही. पुण्याला जायचं का, हे तिला कुणी विचारलंय? तिची बोलायची माणसं कोण, दिवसभरात ती कशाची वाट बघते? हा प्रश्न कमोडची सीट बसवता बसवता सुचत नाही. महिन्यातून एकदा, बाई घरात असताना, गच्चीवर जाऊन किंवा देवळात बसून विचार करा. (कमोडवर बसवायची उंच सीट मात्र आजच मागवा. सर्जिकलच्या दुकानात मिळते. त्या खरेदीला चिंतनाची गरज नाही.)

आणि एक गोष्ट दोघांनी मिळून आत्ताच करा, आई शुद्धीत आहे, बोलते आहे तोवर. उद्या गंभीर काही झालं तर व्हेंटिलेटर लावायचा का, किती दिवस, हे तिचं तिने ठरवून लिहून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हाची पद्धत फार जिकिरीची होती, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. आपल्या वतीने बोलायला जवळची एकाहून जास्त माणसंही त्यात नेमता येतात. तुम्ही आणि भाऊ, दोघांची नावं घाला. हा विषय काढताना जीभ अडखळेल. पण आयसीयूच्या दारात सही मागतात तेव्हा माणसाला पुढचे दहा तास दिसतात, फार तर. दिवाणखान्यात बसून चहा पिताना आईला तिचं अख्खं आयुष्य दिसतं.

पत्र दुसरं

मी नाशिकला एका शाळेत शिक्षिका आहे. जूनमध्ये मुख्याध्यापिकांनी विचारलं, डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात नाटक बसवाल का? मी ताबडतोब हो म्हटलं. या दिवाळीला सासरचे सगळे आपल्याकडे, हेही गणपतीत मीच जाहीर केलं. दिवस जवळ आले की पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो, तुला नाही म्हणताच येत नाही.
— होकारबाई

यजमानांचं निदान अर्धवट आहे. मुख्याध्यापिकांनी 'येत्या मंगळवारी करा' म्हटलं असतं तर तुम्ही छान नाही म्हणाला असता. जूनमध्ये तुम्हाला नाटक दिसलं. डिसेंबरात भाड्याचे कपडे, एकच चालू माइक आणि ज्याला ऐन वेळी गोवर निघतो तो शिवाजी दिसतो.

लिबरमन आणि ट्रोप यांनी १९९८ साली हेच दाखवलं. इस्रायली विद्यार्थ्यांपुढे गृहपाठाचे पर्याय ठेवले. विषय रंजक किंवा रटाळ, वाचन सोप्या हिब्रूतलं किंवा अवघड इंग्रजीतलं. काम काही आठवड्यांनी करायचं असलं की मुलं विषयाकडे बघत. लगेच करायचं असलं की सोपं काय, ते बघत. शिवाय २००५ मध्ये झॉबरमन आणि लिंच या दोन संशोधकांनी दाखवलं की पुढे आपल्याला पैशापेक्षाही वेळ मोकळा असेल, असं माणसं धरून चालतात. डिसेंबरातली तुम्ही म्हणजे कुणी वेगळीच बाई, जिच्याकडे पेपर तपासायला नाहीत आणि जिच्या सासूबाईंना अपचन होत नाही. अंदाजाचं म्हणाल तर कॅनडातले रॉजर ब्यूलर आणि त्यांचे सहकारी यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी सुमारे ३४ दिवस लागतील म्हटलं होतं, लागले ५५ च्या वर.

म्हणून कुणी काही विचारलं की मनात 'मंगळवार' म्हणा. हे या मंगळवारी करायचं असतं तर? तरीही मनापासून हो आलं, तर हो म्हणा. नाटकाचा होकार मागे घेऊ नका, मुलांनी आतापर्यंत घरी सांगितलं असेल. पण कपड्यांचं खातं दुसऱ्या बाईंना द्या. दिवाळीत चकली-शेव विकतची आणा, बचतगटाच्या बायका सुंदर करतात. अनारसे मात्र घरीच करायचे असतील तर दीरांना जाळी बघायला बसवा.

पत्र तिसरं

वय २९, पुण्यात नोकरी. म्हातारपणासाठी पैसे टाकायला हवेत हे कळतं. दर महिन्याला ठरवतो, पुढच्या महिन्यापासून. चार वर्षं हेच चाललंय. उपाय सांगा.
— आरंभशूर

तुझ्या साठीतला गृहस्थ तुला परका वाटतो, बाकी काही नाही. परक्याला कोण पैसे देईल? हॅल हर्शफील्ड या संशोधकांनी २०११ मध्ये तरुणांना संगणकावर त्यांचाच म्हातारा चेहरा दाखवला, तर त्यांनी निवृत्तीसाठी जास्त रक्कम बाजूला काढायचं ठरवलं. फोनमध्ये तसली ॲप असतात, गंमत म्हणून बघ. माझा भरवसा दुसऱ्या उपायावर आहे.

तुझं 'पुढच्या महिन्यापासून' हे व्यसन सोडायचं नाही, कामाला लावायचं. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत कामगारांना विचारलं, आज कापू नका, पण पुढची पगारवाढ झाली की त्यातला वाटा आपोआप बचतीत जाऊ द्याल का? बहुतेक जण तयार झाले, कारण वाढ अजून हातात नव्हती. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली.

आपल्याकडे एसआयपीच्या, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकायच्या, फॉर्मवर 'स्टेप-अप' असा रकाना असतो, रक्कम दरवर्षी आपोआप वाढवायचा. आज अगदी पाचशे रुपयांची सुरू कर आणि वार्षिक वाढ मात्र दाबून लिही, तुझी पगारवाढ होते तो महिना धरून. हे इन्क्रिमेंटचं पत्र येण्याआधी उरकायचं. पत्र आलं की तुला नवा फोन दिसायला लागेल.