रोममधला पहिला रविवार

प्रश्न : शनिवारी रात्री आम्ही रोमला पोहोचतोय. रविवारी सकाळी व्हॅटिकनची संग्रहालयं आणि दुपारी कोलोसियम असा बेत आहे. सोबत सत्तरीतले आईबाबा आहेत. जमेल का?

उत्तर : हा बेत बदला. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात आणि मायकेलअँजेलोच्या छतचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिस्टिन चॅपलची वाट त्यांच्यातूनच जाते, म्हणजे तेही बंद. अपवाद फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी प्रवेश मोफत असतो, पण शेवटचा प्रवेश साडेबाराला, आणि रांग तटबंदीच्या कडेने लांबच लांब जाते. आईबाबांना तिथे ताटकळत ठेवू नका. व्हॅटिकन सोमवारी करा.

रविवार प्राचीन रोमला द्या. कोलोसियमचं सकाळचं अगदी पहिल्या वेळेचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून काढा. विक्री साधारण 30 दिवस आधी सुरू होते. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, ते पासपोर्टप्रमाणेच भरा. टोपणनाव किंवा अर्धवट नाव टाकलं तर दारात अडवतात. मोठी सॅक आणि काचेची बाटली आत नेता येत नाही. सामान ठेवायला जागाही नाही, तेव्हा ते हॉटेलवरच राहू द्या. मेट्रोच्या ‘बी’ मार्गावरचं कोलोसेओ स्टेशन दारासमोरच आहे.

त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि शेजारची पॅलेटाइन टेकडी येते, मात्र एकदाच. बाहेर पडलात की पुन्हा आत सोडत नाहीत, म्हणून खाणंपिणं आणि स्वच्छतागृह आधी उरकून घ्या. फोरममधली जुनी फरसबंदी ओबडधोबड आहे. पातळ तळव्याच्या चपलांनी पाय मुरगळतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर पॅलेटाइनची चढण खुशाल सोडा.

पुढचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. कोलोसियमपासून पियात्सा व्हेनेत्सिया या चौकापर्यंतचा सरळ रस्ता रविवारी वाहनांना बंद असतो. अंतर जेमतेम किलोमीटरभर. आईबाबांना रमतगमत चालू द्या. कठड्यावरून सम्राटांनी बांधलेल्या चौकांचे अवशेष फुकट दिसतात आणि टोकाला इ.स. 113 चा सम्राट ट्रेजनचा स्तंभ आहे. तिथे थांबून त्यावरची नागमोडी चढत गेलेली युद्धाची शिल्पं नीट बघा.

जेवण अडीचच्या आत उरका; नंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर संध्याकाळपर्यंत बंद होतं. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा : कार्बोनारा आणि अमात्रिचाना या पास्त्यांत डुकराचं मांस असतं, आणि सुप्ली नावाच्या भाताच्या तळलेल्या गोळ्यातही बहुधा खिमा असतो.

दुपारी पॅन्थिऑन, म्हणजे आता चर्च असलेलं प्राचीन रोमन मंदिर. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते आणि तेवढा वेळ पर्यटकांना आत घेत नाहीत. 2023 पासून तिकीट आहे. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारे 43.3 मीटर, मधोमध उभं राहिलं की ते डोळ्यांना कळतं. तिथून पियात्सा नाव्होना हा चौक पाच मिनिटांवर आहे. दिवस तिथेच संपवा.

प्रश्न : महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं मोफत असतं, मग तोच दिवस गाठावा का?

उत्तर : सगळं नव्हे. सवलत इटलीच्या सरकारी स्थळांना आहे; कोलोसियम, फोरम, पॅन्थिऑन त्यात येतात. व्हॅटिकन वेगळं राष्ट्र, त्याला ही सवलत लागू नाही. कोलोसियमला त्या दिवशी आगाऊ वेळ राखता येत नाही, तिकीट तिथेच रांगेत घ्यावं लागतं. तरुण असाल तर भल्या सकाळी जा. म्हाताऱ्या माणसांसोबत पैसे मोजून दुसरा दिवस घ्या.