‘समस्येवर उपाय’, म्हणून ‘सॉल्यूशन ऑन’?

प्रश्न असा आला आहे: ‘सॉल्यूशन’ या इंग्रजी नामापुढे ऑन, ऑफ, टू, फॉर यांपैकी काय लावायचे? आणि ‘रीझन’पुढे?

‘सॉल्यूशन ऑन धिस प्रॉब्लेम’ इतक्या वेळा कानावर आदळते की तिथूनच सुरुवात करतो. ऑन नाही. उत्तर चाळिसाव्या पानावर छापले असेल तर ‘सॉल्यूशन ऑन पेज ४०’ म्हणा, एरवी नको. हा ऑन म्हणजे ‘समस्येवर उपाय’ मधला आपला ‘वर’, वेश पालटून आलेला. फॉर समस्येच्या आधीही चालतो, पण त्याची खरी जागा ज्याच्यासाठी उपाय शोधला त्याच्या आधी. द्रावणाचा अर्थ सोडून देतो.

खरी गंमत शब्दाच्या पोटात आहे. लॅटिन ‘सोल्व्हेरे’ म्हणजे सैल करणे, सोडवणे. आणि आपण? गाठ सोडवतो, गणितही सोडवतो! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता अडचणीला गाठच मानले. ‘उकल’ आणि ‘उलगडा’ यांतही तेच चित्र. ग्रीक ‘अ‍ॅनालिसिस’मधल्या ‘लिसिस’चा अर्थसुद्धा सोडवणे.

आता प्रत्यय पाहा. प्रश्नाची उकल, रहस्याचा उलगडा: इथे ‘चा-ची’. रोगावर इलाज, विषावर उतारा, समस्येवर उपाय: इथे ‘वर’. माझे म्हणणे असे की उकल गाठीतच दडलेली असते, म्हणून षष्ठी. औषध बाहेरून येते आणि दुखण्यावर लावले जाते, म्हणून ‘वर’. लेप आणि मलम यांच्यामुळे हा ‘वर’ रुळला आणि पुढे ज्यांत लावण्यासारखे काहीच नाही अशा उपायांनाही चिकटला, असे मला ठामपणे वाटते. ‘तोडगा’ शब्दात तोडणे दिसते, मग तो ‘वर’ का घेतो, असा आक्षेप येईल. पण तोडगा म्हणजे मूळचा मंत्रतंत्रातला, बाधा घालवायचा उपाय. तोही बाहेरूनच येतो. ‘उपाय’ची फोड तर आणखी सुंदर: ‘उप’ अधिक ‘इ’ हा जाणे या अर्थाचा धातू, म्हणजे जवळ जाणे. इंग्रजी टू तरी दुसरे काय सांगतो?

तेव्हा सॉल्यूशनच्या जागी ‘उकल’ बसत असेल तर ऑफ लावा: समीकरणाची उकल, ‘सॉल्यूशन ऑफ अ‍ॅन इक्वेशन’. (तिथे टूही लिहितात, ते चूक नाही.) ‘उपाय’ किंवा ‘उत्तर’ बसत असेल तर टू. ‘आन्सर टू’, ‘की टू’ (की म्हणजे किल्ली), ‘अँटिडोट टू’ ही त्याच घरातली मंडळी. टू तेवढा शुद्ध आणि ऑफ अशुद्ध असे शिकवणाऱ्या मार्गदर्शकांनी गणिताचे एखादे इंग्रजी पुस्तक उघडून पाहावे.

याच मार्गदर्शकांचा दुसरा लाडका नियम, क्रियापदाला जे अव्यय तेच नामाला, हा तर साफ खोटा आहे. ‘डिस्कस’ला अव्यय लागत नाही, ‘डिस्कशन’ला ऑफ किंवा अबाउट लागते. ‘डिमांड’ क्रियापद असताना थेट कर्म घेते, नाम झाले की फॉर मागते. ‘वी डिस्कस्ड अबाउट’ ही चूक नेमकी नामाचे अव्यय क्रियापदाला जोडल्याने होते.

व्युत्पत्तीने अव्यय समजते, पण व्युत्पत्तीच्या जोरावर ते लादता येत नाही. सॅम्युएल जॉन्सनने आपल्या १७५५च्या इंग्रजी कोशात तेच केले. ‘अव्हर्जन’ (तिरस्कार) म्हणजे मुळात तोंड फिरवणे, म्हणून त्याच्यापुढे फ्रॉम सर्वांत योग्य, टू कमी योग्य आणि टुवर्ड्स तर फारच अयोग्य, असा त्याचा निवाडा. ‘परावृत्त’ला आपण ‘पासून’ लावतो, म्हणून त्याचा तर्क मला कळतो. तरीही तो चुकला. तिरस्कार ज्याचा वाटतो त्याच्याकडे मनाचा रोख असतोच, आणि बोलणाऱ्यांनी टू निवडून ते दाखवून दिले.

राहिला ‘रीझन’. रीझन फॉर. मराठीत ‘उशिराचे कारण’ म्हणतात म्हणून ‘रीझन ऑफ द डिले’ होत नाही. ऑफ येतो तो ‘बाय रीझन ऑफ’ या कायद्याच्या भाषेतल्या ठरीव वळणात.