वाचकांचे प्रश्न : वृत्ती उद्योजकाची, काम समाजाचं

प्रश्न : आम्ही दिव्यांगांना रोजगार देणारा शिवणकामाचा उपक्रम चालवतो. निधी देणाऱ्या संस्थेच्या सांगण्यावरून ‘उद्योजकीय वृत्ती’ची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरली. ७ पैकी ५.८ सरासरी आली. तरी दोन वर्षांत उत्पन्न वाढलं नाही आणि कामावर असलेल्यांची संख्याही नाही. असं का?

उत्तर : सरासरी बाजूला ठेवा आणि तीन भागांचे गुण वेगळे मांडा. कोव्हिन आणि स्लेविन या व्यवस्थापनाच्या संशोधकांच्या १९८९ च्या या प्रश्नावलीत नावीन्य, पुढाकार आणि जोखीम या प्रत्येकावर तीन-तीन प्रश्न असतात, म्हणजे प्रत्येक भागाला कमाल २१ गुण. तुमची ५.८ म्हणजे एकूण ५२. हे ५२ गुण १८, १७, १७ असेही जमतात आणि २०, १२, २० असेही. दुसऱ्या प्रकारात नवे नमुने भरपूर शिवले जातात, त्यांत पैसाही घातला जातो, पण गिऱ्हाइकाकडे आपण होऊन कोणी जात नाही. माल कपाटात पडून राहतो. तुमच्या वर्णनावरून मला हीच शंका येते. मागच्या वर्षी किती नमुने तयार झाले आणि त्यांतल्या किती नमुन्यांना दुसऱ्यांदा ऑर्डर आली, एवढं मोजलंत तरी ती खरी की खोटी ते कळेल.

प्रश्नावली कोणी भरली, हेही पाहा. एकट्या संचालकांनी भरली असेल तर ती संस्थेची वृत्ती नव्हे, संचालकांची झाली. कापड कापणारे, विक्री पाहणारे आणि हिशेब ठेवणारे यांच्याकडून ती वेगवेगळी भरून घ्या. एकाच प्रश्नावर एकाचे ६ आणि दुसऱ्याचे २ आले, तर तिथेच बसून बोला. कामगिरीचे आकडे मात्र कोणाच्या मतावरून घेऊ नका, वहीतून घ्या. एकाच माणसाने वृत्ती आणि यश दोन्हींना गुण दिले की दोन्ही एकदम चांगले दिसतात.

अपेक्षाही माफक ठेवा. २००९ साली ५१ अभ्यास आणि १४,२५९ कंपन्यांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात वृत्ती आणि कामगिरी यांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.२४ च्या आसपास निघाला. म्हणजे कामगिरीतल्या फरकापैकी सुमारे ६ टक्केच वृत्तीशी जुळतो, आणि तोही व्यापारी कंपन्यांत. सामाजिक उपक्रमात तर दोन खाती असतात, पैशाचं आणि माणसांचं. माणसांच्या खात्यात ‘प्रशिक्षण घेतलेले’ हा आकडा फसवा ठरतो. सहा महिन्यांनंतरही कामावर किती जण आहेत आणि महिन्याला हातात किती मजुरी पडते, ते लिहा.

प्रश्न : आमची सेवा काही जण पूर्ण दराने घेतात, गरजूंना ती सवलतीत देतो. बाजारात स्पर्धक आल्यामुळे पूर्ण दर १० टक्क्यांनी उतरवावा, असं काही सहकारी म्हणतात. आक्रमक व्हावं का?

उत्तर : लम्पकिन आणि डेस या संशोधकांनी १९९६ साली उद्योजकीय वृत्तीचे पाच पैलू मांडले. त्यांत नावीन्य, पुढाकार आणि जोखीम यांच्या जोडीला स्वायत्तता आणि स्पर्धेतली आक्रमकता आहे. सामाजिक उपक्रमाला सर्वांत महाग पडतो तो हाच पैलू, कारण इथे दर उतरवला की झळ गरजूंना बसते.

हिशेब करून बघा. पूर्ण दर १००, थेट खर्च (एका गिऱ्हाइकाच्या सेवेवर होणारा) ७०, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकामागे ३० उरतात. सवलतीचा दर ५०, म्हणजे तिथे २० ची तूट. महिन्याचा स्थिर खर्च (गिऱ्हाइकं कितीही असली तरी होणारा) ६,००० धरा. ३०० पूर्ण दराचे (९,०००) आणि १५० सवलतीचे (३,००० तूट) असले की जमाखर्च बरोबर जुळतो. आता पूर्ण दर ९० केला तर ३०० जणांमागे ६,०००च उरतात आणि ३,००० ची खोट येते. ती भरून काढायला ४५० गिऱ्हाइकं लागतील, म्हणजे दीडपट. एवढी येतील याची खात्री नसेल तर दराला हात लावू नका. त्याऐवजी थेट खर्च ७० वरून ६५ वर आणता येतो का ते पाहा, कारण त्याचा फायदा दोन्ही गटांत मिळतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने नेमकं हेच केलं. त्यांच्या ऑरोलॅब या उत्पादन संस्थेने १९९२ पासून डोळ्यांत बसवायची कृत्रिम भिंगं स्वतः बनवायला घेतली आणि शस्त्रक्रियेचा खर्च मुळातच खाली आणला. सामाजिक उपक्रमाला शोभणारं नावीन्य मी याला म्हणेन.

प्रश्न : देणगीच्या पैशांवर जोखीम घेणं योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे, पण पैसा कोणता ते आधी ठरवा. ठरावीक कामासाठी मिळालेला निधी प्रयोगात घालू नका. तो अडकला की पगार थकतात आणि देणगीदाराचा विश्वासही जातो. प्रयोग फक्त मुक्त, म्हणजे कोणत्याही ठरावीक कामाला न बांधलेल्या, राखीव निधीतून करा. तो निधी भागिले महिन्याचा स्थिर खर्च, एवढ्या महिन्यांचा श्वास तुमच्याकडे असतो. प्रयोग पूर्ण बुडाला तरी निदान तीन महिने उरले पाहिजेत, असं मी धरतो. अनुदान हप्त्यांनी आणि उशिरा येत असेल तर सहा. सुरू करण्याआधीच कागदावर लिहा : किती रक्कम, कोणती तारीख आणि कोणता आकडा आला नाही तर थांबायचं. हे लिहिलेलं नसलं की ‘अजून एक महिना बघू’ म्हणत प्रयोग वर्षभर रेंगाळतो आणि राखीव निधी हळूहळू संपतो.